मुठीची ताकद मोजायची तर नेमकी कशी?

खडीसाखर
आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या आरोग्य शिबिरात या वेळी वजन, रक्तदाब आणि साखरेच्या जोडीला हाताच्या पकडीची ताकद, म्हणजे ग्रिप स्ट्रेंग्थ, मोजायचं ठरलंय. संघाने डिजिटल डायनॅमोमीटर घेतलाय. सेलवर चालतो, ९० किलोपर्यंत मोजतो. सोबतच्या पत्रकात 'दाबा आणि आकडा वाचा' यापलीकडे काही नाही. वय आणि स्त्री-पुरुष भरलं की यंत्र स्वतःच 'वीक', 'नॉर्मल', 'स्ट्राँग' असा शेरा मारतं. जाणकारांना प्रश्न:

१. उभं राहून की बसून? किती वेळा? सरासरी धरायची की सगळ्यांत मोठा आकडा?
२. कमी म्हणजे किती कमी?
३. नातवंडंही येणार आहेत. मुलांची मोजण्यात काही अर्थ आहे का?
४. आकडा कमी आला तर त्या माणसाला सांगायचं काय? स्प्रिंगचं ग्रिपर आणून दाबत बसा, असं?

तिरकस
अध्यक्षांची खुर्चीवरची पकड मोजणार असाल तर ९० किलोचं यंत्र पुरणार नाही.

भौतिकोपचारी
तिरकस 😀

खडीसाखर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर यंत्रावर अवलंबून आहे. दवाखान्यात दिसणारा जामार हा तेलाच्या दाबावर चालतो आणि तो बसून वापरतात: दंड अंगालगत, कोपर ९० अंशांत, अंगठा वर. स्प्रिंगचा स्मेडली पद्धतीचा असेल तर उभं राहून, हात सरळ खाली. तुमच्या डिजिटलसाठी दोन्ही चालेल, पण शिबिरात सगळ्यांना एकच पद्धत लावा. ज्येष्ठांसाठी मी बसूनच सुचवेन, तोल जायची भीती नाही.

हात असलेली खुर्ची घ्या. पाय जमिनीला पूर्ण टेकलेले. कोपरापुढचा हात खुर्चीच्या हातावर, मनगट त्याच्या टोकाच्या जरा पुढे. मनगट किंचित वर उचललेलं असावं, खाली वाकलेलं अजिबात नको. बोटं मिटवणारे स्नायू कोपरापासून येतात आणि त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटावरून जातात. मनगट खाली वाकलं की त्या ढिल्या पडतात आणि तोच माणूस कितीतरी कमी किलो दाखवतो. शिबिरात सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच.

दांडीचं अंतर असं लावा की बोटांचं मधलं पेर दांडीवर बसेल. अंगठ्या काढायला लावा, रुतल्या की माणूस दुखतंय म्हणून आधीच सोडतो. तीन ते पाच सेकंद सलग दाबायचं, झटका द्यायचा नाही, श्वास रोखायचा नाही. उजवा, डावा, उजवा, डावा असे प्रत्येकी तीन. एकाच हाताने लागोपाठ करायचं झालं तर मध्ये मिनिटभर विश्रांती. सहांतला सगळ्यांत मोठा आकडा लिहा.

संख्याशोधक
सरासरी की मोठा, यावर थोडी भर. अमेरिकेतल्या हँड थेरपिस्टांची जुनी पद्धत तीन प्रयत्नांची सरासरी घेते. साउदम्प्टनच्या गटाने २०११मध्ये मांडलेली पद्धत सहांतला मोठा आकडा घेते. भौतिकोपचारींनी वर सांगितली ती बहुतेक तीच. मोठा आकडा घ्यायचं साधं कारण असं की हल्लीच्या सीमारेषा मोठ्या आकड्यावर आखलेल्या आहेत. सरासरी काढून त्या लावल्या तर उगाचच जास्त लोक 'कमी'त जातील.

उपकरणवाला
यंत्राबद्दल. शिबिराच्या आदल्या दिवशी तपासून घ्या. १० आणि २० किलोचं खात्रीचं वजन आणा, वाण्याच्या काट्यावर मोजलेलं तांदळाचं पोतंही चालेल. आतली दांडी तळहाताच्या बाजूला ओढली जाईल अशा रीतीने यंत्राची चौकट घट्ट आधारावर ठेवा, दांडीच्या बरोबर मध्यावर पट्टा टाका आणि वजन अलगद सोडा. पट्टा एका टोकाला सरकला की आकडा चुकतो. अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक दिसला तर पट्टा नीट बसवून पुन्हा करा. तरीही तेवढाच फरक आला तर यंत्र बदलून घ्या.

बाकी गोची नेहमीच्या:
– एकक किलो आहे की पौंड? बटण चुकून दाबलं की आजी एकदम ४० दाखवतात आणि टाळ्या पडतात. १ किलो म्हणजे २.२ पौंड.
– सेल उतरले की डिस्प्ले फिका होतो. दोन जोड्या जवळ ठेवा.
– आधीच्या माणसाचं वय तसंच राहतं, त्यामुळे शेरा चुकतो. माझं मत: शेऱ्याकडे बघूच नका, आकडा तेवढा लिहा.
– जामार मिळाला तर सुटी दांडी योग्य तोंडाने बसली आहे ना ते बघा. उलटी बसली तर आकडा भलताच येतो. आणि लाल काटा दर वेळी हाताने शून्यावर आणावा लागतो.

पाटावरवंटा
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी देणार का? जालावर २६, २७, २८, १६, १८ असं काहीही सापडतं.

संख्याशोधक
देतो, जरा लांब होईल.

वयानुसार स्नायू आणि त्यांची ताकद घटणं म्हणजे सार्कोपेनिया. त्यावर काम करणाऱ्या आशियाई गटाच्या २०१९च्या शिफारशीत पुरुष २८ किलोखाली आणि स्त्रिया १८ किलोखाली म्हणजे कमी. युरोपीय गटाच्या सुधारित व्याख्येत पुरुष २७, स्त्रिया १६. आशियाई गटाच्या २०१४च्या आवृत्तीत पुरुषांसाठी २६ होता, तोही अजून फिरतोय.

आता गंमत बघा. आपण चणीने लहान, तर आशियाई सीमा युरोपियापेक्षा खाली हवी होती. ती वर आहे! कारण आखायची रीत वेगळी. युरोपियांनी तरुण निरोगी लोकांच्या सरासरीपासून अडीच प्रमाण-विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) खाली रेघ मारली, हाडांच्या घनतेच्या टी-स्कोअरसारखी. आशियाई गटाने निरनिराळ्या देशांतल्या वृद्धांची आकडेवारी एकत्र करून सगळ्यांत खालचा पाचवा हिस्सा 'कमी' धरला. त्यामुळे १७ किलोची बाई एका तक्त्यात दुबळी आणि दुसऱ्यात ठीक. दोन्ही तक्ते बरोबर आहेत, त्यांचे प्रश्न निराळे आहेत. चंदीगडच्या एका अभ्यासात भारतीयांसाठी पुरुष २७.५ आणि स्त्रिया १८ असं आलं, म्हणजे आशियाई रेघेजवळच. शिबिरासाठी २८ आणि १८ घ्या आणि फळ्यावर तसं लिहा.

डोंगरवाट
मला हे सगळं प्रकरण फुगवलेलं वाटतं. मूठ दाबून माणूस किती जगणार ते कळतं, अशा बातम्या येतात. उद्या हातावरच्या रेषाही वाचतील.

संख्याशोधक
डोंगरवाट, बातम्या फुगवलेल्या आहेत, मूळ काम तसं नाही. 'लॅन्सेट'मध्ये २०१५ साली आलेला 'प्युअर' अभ्यास: १७ देश, ३५ ते ७० वयाचे सुमारे १ लाख ४० हजार लोक, सरासरी चार वर्षांचा पाठपुरावा. भारतही त्यात होता. ५ किलो पकड कमी असली तर कोणत्याही कारणाने मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त. वरच्या रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा पकडीवरून मृत्यूचा अंदाज जास्त चांगला आला, बातम्यांनी पकडलं ते हेच.

पण दोन गोष्टी वगळून सांगितलं जातं. एक, हे १६ टक्के सापेक्ष आहेत. मुळात धोका शंभरात दोनचा असेल तर तो सव्वादोन-अडीचच्या आसपास जातो. दोन, पकड एकदाच, सुरुवातीला मोजली होती. '५ किलोने घटली तर' असं जे छापून येतं ते चूक. ज्यांची इतरांपेक्षा ५ किलोने कमी होती त्यांची ती गोष्ट आहे.

भौतिकोपचारी
+१. आणि मृत्यूपेक्षा परावलंबन हा जास्त कामाचा निकष आहे. होनोलुलूत जपानी वंशाच्या सहा हजारांवर पुरुषांची पकड ४५ ते ६८ या वयात मोजली होती. २५ वर्षांनी बघितलं तर ज्यांची मध्यमवयात कमी होती त्यांना चालायला, खुर्चीतून उठायला, अंगावरची कामं करायला जास्त अडचण. त्या वेळी ती माणसं धडधाकट होती. म्हणून शिबिर फक्त साठीच्या वरच्यांचं ठेवू नका, चाळिशी-पन्नाशीतल्यांनाही बोलवा.

आपल्याकडेही मोजणी होते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने वृद्धत्वाची जी मोठी पाहणी केली, 'लासी', तिच्या २०१७-१८च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरच्या सुमारे ७२ हजार लोकांच्या तपासण्यांत पकडही होती.

रानमेवा
मुलांचा प्रश्न सगळे विसरले वाटतं.

बारा-तेरापर्यंत मुलगे आणि मुली जवळजवळ सारखे. मग मुलग्यांचा आलेख उभा चढतो. ब्रिटनमधले १२ अभ्यास एकत्र करून २०१४मध्ये चार वर्षांपासून नव्वदीपर्यंतचा आलेख काढला गेला. शिखर पुरुषांचं साधारण ५१ किलो, वय २९ ते ३९. स्त्रियांचं ३१ किलो, वय २६ ते ४२. मग बराच काळ पठार आणि पन्नाशीनंतर उतार. हे आकडे ब्रिटिशांचे आहेत, आपल्या लोकांना जसेच्या तसे लावू नका, इथे सरासरी खाली असते.

मुलांची पकड मोजताना 'कमी-जास्त' हा शेरा नकोच. उंची आणि वयात येण्याची वेळ यावरच सगळं ठरतं, एकाच वर्गातली दोन तेरा वर्षांची पोरं दुप्पट फरकाची असू शकतात. दांडी सगळ्यांत आतल्या खाचेत लावा, तरी अगदी लहान मुलांचा आकडा कमी भरवशाचा असतो.

पण या विषयात मला सगळ्यांत रंजक वाटतं ते याच्याही आधीचं. इंग्लंडच्या हर्टफर्डशरमध्ये दायांनी १९२०-३०च्या दशकातल्या बाळांची जन्मवजनं वहीत नोंदवून ठेवली होती. ती बाळं साठी-सत्तरीत गेल्यावर त्यांची पकड मोजली, तर जन्माला वजनदार असलेल्यांची जास्त निघाली, मोठेपणीची उंची हिशेबात धरूनही. स्नायूंच्या तंतूंची संख्या बहुतांशी जन्माआधीच ठरते, पुढे ते तंतू जाड होतात एवढंच. आपल्याकडे अडीच किलोखालची बाळं किती जन्मतात ते आठवा. पंचाहत्तरीतल्या मुठीचा हिशेब गरोदर आईच्या ताटापासून सुरू होतो.

पाटावरवंटा
रानमेवा, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

अवांतर: पाटा-वरवंटा, जातं, विहिरीचा रहाट हे सगळं गेलं म्हणून पकड घटली, असं म्हणता येईल का?

लालमाती
अर्धवट. जात्याचा खुंटा धरून खांदा आणि पाठ जास्त लागते. मुठीला खरं काम देणारी म्हणजे धुणं पिळणं, हाताने धार काढणं, भरलेली बादली-कळशी वाहणं. आखाड्यात जोडी, करेला हे लाकडी मुद्गल फिरवतात त्यात मूठ सुटली की गेलं. दोरीचा मल्लखांब तर पकडीचाच खेळ. पण हे करणाऱ्याचे पाय-कंबरही तेवढेच तयार होतात. सुटी मूठ कोणी कमावत नाही.

तिरकस
हल्ली अंगठा तेवढा कमावतात. मोबाइलवर.

डोंगरवाट
संख्याशोधक, पटलं थोडं. मग चौथा प्रश्न माझाही. पकड कमी म्हणजे धोका जास्त, तर ग्रिपर दाबून पकड वाढवली की धोका कमी व्हायला हवा ना?

भौतिकोपचारी
नाही ना! पेट्रोलचा काटा बोटाने पुढे सरकवला म्हणून टाकी भरत नाही. मूठ आपण मोजतो कारण ती पटकन मोजता येते आणि एकंदर स्नायूंचा, मज्जासंस्थेचा, पोषणाचा, आजारपणाचा अंदाज देते. वयानुसार आधी जातात ते जलद आकुंचन पावणारे तंतू, त्यांना चालवणाऱ्या मज्जापेशी घटतात म्हणून. हे सगळीकडे होतं, आणि मांड्यांत जास्त. ग्रिपर दाबून तुम्ही कोपराखालचे मोजके स्नायू सुधारता. आकडा चार किलोंनी वाढेल, जिना तेवढाच अवघड राहील.

ग्रिपचा स्वतंत्र उपयोग आहे तो रक्तदाबासाठी: कमाल ताकदीच्या ३० टक्के जोर, दोन मिनिटं धरून ठेवायचा, असं चार वेळा, मध्ये एक ते तीन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून तीनदा, दोन-अडीच महिने. ३० टक्के मोजायला डायनॅमोमीटर लागतो, स्प्रिंगच्या ग्रिपरवर ते कळत नाही. गोळ्या बंद करून हे करायचं नाही, आणि श्वास चालू ठेवायचा.

लालमाती
म्हणून कमी आकडा आलेल्याला सांगायचं ते असं. खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, दहाचे दोन-तीन फेरे, एक दिवसाआड. दोन हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन २०-३० मीटर चालणं, सुरुवातीला प्रत्येक हातात दोन-तीन किलो, दर आठवड्याला अर्धा किलो वाढ. पिशवीचे बंद बोटांत रुतू नयेत म्हणून त्यांना फडकं गुंडाळा. ओला पंचा दोन्ही दिशांनी पिळणं. भिंतीला हात टेकून दंड काढणं. यात पायही आले आणि मूठही.

मोहरी
आणि खाणं. आयसीएमआरच्या २०२०च्या तक्त्यात प्रौढांना किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं आहेत. वृद्धांसाठी तज्ज्ञांचे गट १ ते १.२ सांगतात. म्हणजे ५५ किलोच्या आजींना ५५ ते ६६ ग्रॅम. आता त्यांचं ताट बघा: सकाळी चहा-बिस्किट, दुपारी दीड भाकरी आणि पातळ वरण, रात्री मऊ भात आणि ताक. पस्तीस ग्रॅमच्या पुढे गेलं तर नशीब. ३० ग्रॅम कोरड्या डाळीतून सहा-सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा, शंभर ग्रॅम पनीरमधून अठराच्या आसपास. वरण घट्ट करा, सकाळी अंडं किंवा मुगाचं धिरडं घाला, रात्री ताकाऐवजी दही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका. पण चांगल्या मूत्रपिंडाच्या माणसाला 'डाळ जड पडते' म्हणून उपाशी ठेवणं थांबायला हवं. आणि नुसतं खाऊन स्नायू येत नाहीत, लालमातींचं वरचं हवंच.

सुईदोरा
सगळे स्नायूंवरच बोलताहेत. कमी आकडा म्हणजे स्नायू गेले असंच नाही. अंगठ्याच्या बुडाशी झिजलेला सांधा, संधिवात, कार्पल टनेल म्हणजे मनगटात दबलेली नस, मानेतून निघणाऱ्या नसा दबणं, मधुमेह्यांची अडकणारी बोटं: या सगळ्यांत मूठ कमी येते आणि मांडी ठणठणीत असते. दाबताना दुखलं का, एवढं विचारा. 'हो' असेल तर आकड्यापुढे तशी खूण करा आणि तो सार्कोपेनियात मोजू नका.

साध्या चाचण्याही आहेत. मधुमेह्याला दोन्ही तळवे नमस्कारासारखे जोडायला सांगा. बोटं आणि तळवे एकमेकांना नीट चिकटत नसतील तर सांधे आखडलेले असू शकतात, मूठही कमी येऊ शकते.

संख्याशोधक
सुईदोरा यांचा मुद्दा मोलाचा. भर: उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा उजवा साधारण दहा टक्के जास्त असतो, डावखुऱ्यांचे दोन्ही हात जवळपास सारखे. यापेक्षा खूप मोठा फरक दिसला तर कारण शोधायला हवं. आणि एका हाताची ताकद अचानक गेली, बोलणं अडखळलं किंवा तोंड वाकडं झालं, तर तिथे डायनॅमोमीटर बाजूला ठेवून तडक रुग्णालय.

पुढच्या वर्षी तुलना करताना दोन किलो इकडे-तिकडे झाले तर घाबरवू नका, ते मोजणीतलंच असतं. पाच-सहा किलोंची घट खरी धरावी.

खडीसाखर
सर्वांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन शंका उरल्या. कोणाची मोजायचीच नाही? आणि कमी आकडा आला की तिथल्या तिथे अजून काही तपासता येईल का?

भौतिकोपचारी
मोजू नका: हाताची ताजी शस्त्रक्रिया किंवा न जुळलेलं हाड, नुकताच हृदयविकाराचा झटका, नुकतंच डोळ्याचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन. डायलिसिससाठी हातात फिस्चुला (शस्त्रक्रियेने केलेली शीर-धमनीची जोडणी) केलेला असेल तर त्या हाताने अजिबात नाही, दुसऱ्याने चालेल. रक्तदाब १८०/११० किंवा वर असेल तर दाबायला लावू नका, डॉक्टरांकडे पाठवा.

कमी आला तर लगेच दोन गोष्टी. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठ-बस: १२ सेकंद किंवा जास्त लागले तर मंद. आणि नेहमीच्या चालीने ६ मीटर चालणं: ६ सेकंदांपेक्षा जास्त म्हणजे मंद. अंतर टेपने मोजून खडूने रेघा मारा, आणि रेघेच्या दोन मीटर आधीपासून चालायला लावा. पोटरीचा सगळ्यांत जाड भागाचा घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरखाली असेल तर तोही लिहा. पाय सुजले असतील तर घेर निरर्थक. मूठही कमी आणि चालही मंद, अशांना डॉक्टरांकडे पाठवा. फक्त मूठ कमी असेल तर वरचा व्यायाम-आहार आणि सहा महिन्यांनी पुन्हा.

कार्डावर आकड्याशेजारी यंत्राचं नाव, बसून की उभं, आणि दांडीची खाच लिहा. नाहीतर पुढच्या वर्षी तो आकडा कशाशीच जुळणार नाही.

सुईदोरा
टेबलांचा क्रमही ठरवा. आधी पाच मिनिटं बसवून रक्तदाब, मग मूठ. उलटं केलंत तर दाबून दाबून चढलेला रक्तदाब मोजाल. आणि साखरेची सुई सगळ्यांत शेवटी. बोट टोचल्यावर कोणी जीव खाऊन दाबत नाही.

उपकरणवाला
आणि टोचलेल्या बोटाचं रक्त दांडीवर येतं ते वेगळंच. दांडी दर माणसामागे स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पण डिस्प्लेला स्पिरिट लावू नका, प्लास्टिक धुरकट होतं.

तिरकस
अध्यक्षांचा क्रमांक पहिला लावा. दोन जोड्या सेल आहेतच.